मानशीचे दार आणि उष्णतेची वाट

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातल्या घराच्या सोप्यावर दुपारी दोन माणसे बसली की एक जण ‘आज उष्णता भारीच आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘पारा चौतिशीला टेकला म्हणे’ असे म्हणून त्याला दुजोरा देतो. दोघांनाही आपण एकच गोष्ट बोललो असे वाटते आणि रोजच्या व्यवहारात त्याने काही अडत नाही. पदार्थविज्ञानात मात्र ही दोन विधाने दोन वेगळ्या गोष्टींविषयीची आहेत. तापमान म्हणजे वस्तूची त्या क्षणीची एक अवस्था. उष्णता ही कोणत्याही वस्तूची अवस्था नाही. दोन वस्तूंच्या तापमानांत फरक असल्यामुळे एकीकडून दुसरीकडे जी ऊर्जा जाते, तिला ती जात असतानाच उष्णता म्हणतात. ही व्याख्या पाठ करायला सोपी आणि पटायला अवघड आहे, कारण आपली भाषाच उलट सांगते. आपण ‘अंगात उष्णता आहे’ म्हणतो, आंब्याला उष्ण आणि कोकमाला थंड ठरवतो. आहारशास्त्रातले ते उष्ण-थंड हा स्वतंत्र हिशेब आहे आणि त्याचा थर्मामीटरशी संबंध नाही, म्हणून तो येथे बाजूला ठेवू.

प्रथम एक साधे गणित करून पाहावे. पेल्यात दीडशे मिलिलिटर चहा आहे आणि त्याचे तापमान ८० अंश सेल्सिअस आहे. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणातून काढलेले आणि विसण घालून सोसवेल असे केलेले पंधरा लिटर पाणी बादलीत आहे, त्याचे तापमान ४० अंश आहे. घरातील हवा ३० अंशांवर आहे असे धरू. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४,१८६ ज्यूल ऊर्जा लागते आणि तेवढेच पाणी एका अंशाने निवताना तेवढीच ऊर्जा बाहेर पडते. चहा म्हणजे जवळजवळ पाणीच असे समजले, तर तो पूर्ण निवेपर्यंत सुमारे ३१ हजार ज्यूल ऊर्जा हवेला देईल, आणि बादली निवताना सुमारे ६ लाख २८ हजार ज्यूल देईल, म्हणजे चहाच्या वीसपट. तरीही चहाने जीभ भाजते आणि बादलीतल्या पाण्याने आपण सुखाने आंघोळ करतो.

आता तो चहाचा पेला बादलीतल्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवला तर काय होईल? ज्याच्याजवळ अधिक आहे तो कमी असलेल्याला देतो, हा लौकिक न्याय येथे लागू असता, तर वीसपट श्रीमंत बादलीने चहाला आणखी तापवायला हवे होते. प्रत्यक्षात चहा निवतो, बादली किंचित तापते आणि दोन्ही ४० अंशांच्या थोडे वर, सुमारे ४०.४ अंशांवर, येऊन थांबतात. ऊर्जा कोणाजवळ किती आहे हा प्रश्न येथे गौण ठरतो. ती कोणत्या बाजूला जाणार, हे केवळ तापमान ठरवते.

चोडण-दिवाडीकडची खाजन शेती, म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला वेळ लागू नये. खाजनाच्या बांधात मानस असते, म्हणजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारी आणि मिटणारी लाकडी दारे. भरतीला नदीची पातळी आतल्यापेक्षा वर चढली की त्या दाबाने दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला पातळी उतरली की आतले पाणी दारे ढकलून नदीत जाते. आतल्या पोंयीत, म्हणजे बांधाआड पाणी साठते त्या तळ्यात, पाणी ते केवढे आणि बाहेरच्या मांडवीत केवढे! पण मानशीचे दार साठ्याकडे पाहत नाही, ते पातळीकडे पाहते. तापमान ही ती पातळी आहे. वस्तूच्या आत असलेली एकूण ऊर्जा, जिला आंतरिक ऊर्जा म्हणतात, ती म्हणजे पोंयीतील पाणी. उष्णता म्हणजे मानशीतून वाहत असलेला प्रवाह. पोंयीत किती पाणी आहे असे आपण विचारतो, तिच्यात किती प्रवाह साठला आहे असे कोणी विचारत नाही. ‘या वस्तूत किती उष्णता आहे’ हा प्रश्न नेमका त्याच जातीचा आहे, आणि शाळेत मुलांच्या मनात होणारा बहुतेक घोटाळा या एका प्रश्नातून सुरू होतो असे माझे मत आहे.

पातळीची ही उपमा तापमान कशाचे बनले आहे ते मात्र सांगत नाही. त्यासाठी पदार्थाच्या आत डोकावावे लागते. कोणताही पदार्थ अतिसूक्ष्म कणांचा, म्हणजे अणू-रेणूंचा, बनलेला असतो आणि हे कण कधीही स्वस्थ नसतात. लोखंडाच्या कांबीतले अणू आपापली जागा न सोडता थरथरत असतात, पाण्याचे रेणू एकमेकांना ढकलत सरकत असतात आणि हवेचे रेणू सैरावैरा धावत असतात. आपल्या घरातील हवेत नायट्रोजनच्या रेणूंचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटरच्या घरात असतो, पण एकमेकांवर आदळून त्यांची दिशा सतत बदलत असल्यामुळे आपल्याला त्याचा वारा लागत नाही. या अव्यवस्थित हालचालीमुळे प्रत्येक कणाच्या वाट्याला जी गतिज ऊर्जा सरासरीने येते, तिचे माप म्हणजे तापमान. यातला सरासरी हा शब्द महत्त्वाचा आहे. एकट्या रेणूला वेग असतो, तापमान नसते. तापमान हा समुदायाचा गुण आहे. चहातील रेणू बादलीतील रेणूंपेक्षा सरासरीने अधिक जोरात हलतात म्हणून त्याचे तापमान अधिक, आणि बादलीत रेणूंची संख्या शंभरपट म्हणून तिच्याकडची एकूण ऊर्जा अधिक. दोन्ही एकमेकांच्या सान्निध्यात आल्यावर जोरात हलणारे कण पेल्याच्या काचेमार्फत मंद कणांना धक्के देतात, आपली काही ऊर्जा गमावतात, आणि सरासरी दोन्हीकडे सारखी झाली की ही देवघेव एका बाजूने झुकायची थांबते.

सरासरी गतीचे माप म्हटले की तिला एक तळही असणार. तो तळ उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला आहे आणि लॉर्ड केल्विन यांनी १८४८ मध्ये मांडलेल्या निरपेक्ष मापनाची शून्य खूण तेथे आहे. सेल्सिअसचे शून्य हे केवळ पाणी गोठण्याची खूण आहे, हे लक्षात न घेतल्याने ‘३० अंश म्हणजे १५ अंशांच्या दुप्पट गरम’ असे विधान कधीकधी ऐकू येते. केल्विनमध्ये ती तापमाने सुमारे ३०३ आणि २८८ आहेत, म्हणजे रेणूंच्या सरासरी ऊर्जेत जेमतेम पाच टक्क्यांचा फरक आहे.

येथे मानशीच्या उपमेचा एक दोषही सांगून टाकला पाहिजे, कारण त्या दोषाने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना चकवले आहे. उपमेत वाहणारे पाणी ही खरोखरची वस्तू आहे. उष्णताही तशीच एखादी न दिसणारी, वजन नसलेली, द्रवासारखी वस्तू असावी, असे अठराव्या शतकात मानले जात होते. तिला कॅलोरिक म्हणत, आणि आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारे आंत्वान लाव्हाझिए यांनी १७८९ मध्ये मूलद्रव्यांची जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात प्राणवायूच्या शेजारी कॅलोरिकलाही स्थान दिले. ही कल्पना मुळीच वेडगळ नव्हती. गरम वस्तू निवते आणि थंड वस्तू तापते हे तिने व्यवस्थित समजावले जात होते. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेला कॅलरी हा शब्द त्याच घराण्यातला आहे.

तिला पहिला जोराचा धक्का १७९८ मध्ये बसला. काउंट रम्फर्ड म्हणून ओळखले जाणारे बेंजामिन थॉम्पसन म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांची नळी कोरण्याच्या कामावर देखरेख करीत होते. कोरताना धातू कमालीचा तापतो हे पाहून त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार घेतले, धातूभोवती पाणी ठेवले आणि घोड्यांच्या बळावर यंत्र फिरवत ठेवले. सुमारे अडीच तासांनी ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. घर्षण चालू ठेवले तर उष्णता निघतच राहते, संपत नाही. वस्तूत भरून ठेवलेला द्रव असा अखंड कसा निघेल? पोंयीतले पाणी कधीतरी आटते, पण येथे आटण्याचे नाव नव्हते. घोड्यांचे श्रमच ऊर्जेच्या रूपाने धातूत उतरत होते.

घोड्यांच्या श्रमांचा आणि पाण्याच्या तापण्याचा नेमका भाव ठरवण्याचे काम इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकात केले. त्यांच्या घराण्याचा बिअर गाळण्याचा कारखाना होता आणि थर्मामीटर अतिशय काटेकोरपणे वाचण्याची त्यांची हातोटी होती. त्यांनी एका बंद भांड्यातील पाण्यात वल्ह्यांसारखी पाती बसवली आणि खाली उतरणाऱ्या वजनांनी ती फिरवून, पाणी नुसते घुसळून तापवले. वजनाने केलेले काम आणि पाण्याच्या तापमानातील वाढ यांचे प्रमाण त्यांना दरवेळी एकच मिळाले. ज्यूल या एककाचे नाव याच जूल यांच्यावरून आले. धबधब्याच्या तळाशी पाणी किंचित गरम असले पाहिजे, हेही त्यांनी गणिताने सांगितले होते आणि उदाहरण नायगाराचे दिले होते. आपण दूधसागराचे घेऊ. त्याची एकूण उंची सुमारे ३१० मीटर आहे. एवढ्या उंचीवरून एक किलो पाणी खाली येताना सुमारे ३,०४० ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि ती सगळी पाणी ढवळण्यात गेली तर त्याचे तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढेल. प्रत्यक्षात तेथे थर्मामीटर घेऊन गेलेल्याला हा आकडा मिळण्याची आशा नाही, कारण दुधासारखे फेसाळत पडणारे ते पाणी वाटेतच तुषारांच्या रूपाने उडते, वाफ होताना ऊर्जा घेऊन जाते आणि हिशेब बिघडवते.

या प्रयोगांतून निघणारा अर्थ असा, की पाण्याचे तापमान चुलीवर ठेवून वाढवता येते आणि घुसळूनही वाढवता येते, आणि एकदा वाढल्यावर ते कोणत्या मार्गाने वाढले हे त्या पाण्याकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. पहिल्या मार्गाला उष्णता म्हणतात, दुसऱ्याला कार्य. आत पोहोचल्यावर दोन्हीची आंतरिक ऊर्जाच होते. शीतकपाटाच्या मागची बाजू तापलेली असते तीही याच हिशेबात बसते: ऊर्जा आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही, म्हणून विजेच्या मोटरीने कार्य करून ती आतून उपसावी लागते.

आता थोडे अधिक गुंतागुंतीचे. उष्णता दिली की तापमान वाढलेच पाहिजे असे नाही. पणजीच्या मासळी बाजारात इसवण आणि बांगड्यांवर बर्फाचा चुरा का पसरतात, नुसते बर्फासारखे गार पाणी का शिंपडत नाहीत, याचे उत्तर येथे आहे. शून्य अंशांवरचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशांचेच पाणी होताना सुमारे ३ लाख ३४ हजार ज्यूल ऊर्जा मासळीकडून आणि भोवतालच्या हवेकडून ओढून घेतो, आणि या सर्व काळात त्याचे तापमान जागचे हलत नाही. तेवढ्याच ऊर्जेने एक किलो गार पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापले असते. ही ऊर्जा रेणूंची गती वाढवण्यात जात नाही. ती बर्फात एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या रेणूंची पकड सोडवण्यात खर्च होते. गती तीच राहिली म्हणून तापमान तेच राहिले. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास हे ओळखले आणि त्या लपलेल्या ऊर्जेला जे नाव दिले त्यासाठी आपल्या पाठ्यपुस्तकांत अप्रकट उष्मा असा शब्द आहे. उष्णता आणि तापमान या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या पाहिजेत, हे स्पष्टपणे दाखवून देण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

उकळण्यात हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर होतो. एक किलो पाण्याची १०० अंशांवर वाफ करायला सुमारे २२ लाख ६० हजार ज्यूल लागतात. उकड्या तांदळांची पेज एकदा रटरटू लागली की गॅस मोठा ठेवल्याने ती लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटते. पातेल्यातले तापमान १०० च्या आसपासच राहणार, हे ठाऊक असलेली गृहिणी आच कमी करते. वाफ पुन्हा पाणी होताना ही सगळी ऊर्जा परत करते. हळदीच्या पानांत गुंडाळलेल्या पातोळ्या पाण्याचा स्पर्श न होता शिजतात त्या याच परतफेडीवर. वाफेने भाजलेले अधिक खोल जाते तेही याचमुळे: एक ग्रॅम उकळते पाणी त्वचेवर निवताना सुमारे २६० ज्यूल देते, तर एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होतानाच त्याच्या आठपटीहून अधिक देऊन जाते आणि त्यानंतर ते पाणी निवते ते वेगळेच.

काजूच्या हंगामात फेणी गाळण्याच्या भाटीवर गेलेल्याने हा हिशेब डोळ्यांनी पाहिलेला असतो. बोंडूंचा आंबवलेला रस भाणात उकळतो. मद्यार्क ७८ अंशांवर आणि पाणी १०० अंशांवर उकळत असल्याने वाफेत मद्यार्काचे प्रमाण रसातल्यापेक्षा जास्त असते. ती वाफ नळीने लावणीत, म्हणजे ती निववून फेणी गोळा करणाऱ्या भांड्यात, येते आणि लावणीवर गार पाणी सारखे ओतत राहावे लागते. हे ओतणारा माणूस क्षणभरही का बसू शकत नाही? भाणाखालची लाकडे जी ऊर्जा वाफेत भरतात ती जवळजवळ सगळी लावणीत बाहेर पडते आणि ती वाहून नेणारे पाणी थांबले तर वाफ वाफच राहते. फेणीच्या चवीविषयी लोक तासन्‌तास बोलतात. ओतल्या जाणाऱ्या त्या पाण्याविषयी कोणी बोलत नाही.

सारखी ऊर्जा दिली तरी सगळे पदार्थ सारखे तापत नाहीत. एक किलो कोरड्या वाळूला एक अंश चढायला सुमारे ८०० ज्यूल पुरतात, पाण्याला त्याच्या पाचपट लागतात. शिवाय ऊन समुद्रात खोलवर शिरते आणि लाटा ते पाणी ढवळतात, वाळूचा मात्र वरचा पातळ थरच तापतो. म्हणून मिरामारला दुपारी अनवाणी चालता येत नाही, पाण्यात पाय घातला की बरे वाटते, आणि तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढून समुद्रावरचे खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलट वाहतात.

तापमान ओळखण्याचे आपले घरचे साधन म्हणजे हात, आणि ते साधन खोटी साक्ष देते. डिसेंबरच्या सकाळी खिडकीचा लोखंडी गज हाताला लाकडी चौकटीपेक्षा थंड लागतो. दोन्ही रात्रभर एकाच हवेत आहेत आणि दोन्हींचे तापमान एकच आहे. पण लोखंड हातातली ऊर्जा झपाट्याने ओढून आत पसरवते आणि लाकूड तसे करत नाही. हाताला कळते ती उष्णता किती वेगाने जाते-येते ते. पदेराच्या भट्टीत हे उलट दिशेने दिसते. पाव काढताना त्याचा हात २०० अंशांहून तापलेल्या हवेत क्षणभर जातो आणि काही होत नाही, कारण हवा विरळ असते, तिच्यात ऊर्जा थोडी असते आणि ती देतेही सावकाश. त्याच हवेत, त्याच तापमानाला असलेल्या लोखंडी पत्र्याला बोट लागले तर फोड येतो. काखेत थर्मामीटर दोन-चार मिनिटे धरायला सांगतात त्याचेही कारण येथेच आहे: थर्मामीटर खरे तर स्वतःचेच तापमान दाखवतो, आणि ते अंगाच्या तापमानाला येऊन मिळेपर्यंत थांबणे भाग असते.

यानंतर सोप्यावरच्या त्या दोघांकडे परत जाता येईल. नागपूरला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा येथे तो तेहेतीस-चौतीसवर असतो, तरी जीव कासावीस होतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅटच्या दराने, म्हणजे तासाला ३ लाख ६० हजार ज्यूल, ऊर्जा बाहेर टाकत असते आणि ती टाकलीच पाहिजे. त्वचेचे तापमान चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवाही तेवढीच असली तर दोन्हीकडची पातळी सारखी झाली, मानशीचे दार ढकलायला कोणीच उरले नाही. मग राहतो तो घाम. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २४ लाख ज्यूल घेऊन जातो, म्हणजे तासाला दीडशे मिलिलिटर घाम पुरता उडाला तरी शरीराचे भागते. कोरड्या हवेत तो उडतो. आपल्याकडची हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तो उडण्याऐवजी सदऱ्याला चिकटतो आणि ओघळतो, आणि ओघळलेला घाम काहीही घेऊन जात नाही. ‘उष्णता भारीच आहे’ ही तक्रार, शास्त्राच्या भाषेत, उष्णता जाता जात नाही अशी आहे.

अशा वेळी आपण पंखा लावतो. पंखा हवेचे तापमान मुळीच कमी करत नाही. अंगाभोवती साचलेला दमट थर हटवून तो घामाला उडायला जागा करून देतो. माणूस नसलेल्या खोलीत त्याला करण्यासारखे हे कामच नसते. दारे-खिडक्या बंद करून ७० वॅटचा पंखा चुकून चालूच ठेवला आणि आपण पाच तासांनी बाजारातून परतलो, तर त्याने तेवढ्या वेळात सुमारे साडेबारा लाख ज्यूल ऊर्जा, जूल यांच्या त्या पात्यांप्रमाणेच, हवा घुसळून खोलीत ओतलेली असते.